सनद आणि सभागृह : वकील-आमदाराच्या कारकिर्दीचे विवेचन

१. प्रश्नाची मांडणी

वकिली करणारा आमदार महाराष्ट्राला नवा नाही. काशिनाथ त्रिंबक तेलंग आणि फिरोजशहा मेहता यांच्यापासून ही परंपरा अखंड चालत आली आहे. तिच्याविषयी सामान्यतः दोन मते ऐकू येतात. कायदा कळणाऱ्यानेच कायदा करावा, हे एक मत. एकाच माणसाने दोन दगडांवर पाय ठेवू नयेत, हे दुसरे. दोन्ही मतांत तथ्य आहे. मात्र न्यायालयातल्या कामातून सभागृहाला काय मिळते आणि सभागृहातल्या कामातून न्यायालयाला काय मिळते, याची तपासणी दोन्हींत नाही. ती केल्याशिवाय अशा कारकिर्दीचे मोल ठरवता येत नाही.

या लेखात ती तपासणी एका कारकिर्दीच्या आणि एका गावाच्या आधारे केली आहे. कारकीर्द डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची आहे. ती संपूर्ण नव्हे, तर मुख्यतः १९२७ ते १९३९ या काळातील, म्हणजे मुंबई उच्च न्यायालयात वकिली आणि मुंबई इलाख्याच्या विधिमंडळात सदस्यत्व ही दोन्ही कामे सोबत चालू होती तेवढी. संविधानकर्ते आंबेडकर सर्वांना परिचित आहेत, पण प्रांतिक विधिमंडळातले वकील आंबेडकर तुलनेने कमी. गाव आहे पुणे-लोणावळा लोहमार्गावरचे देहूरोड. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी येथील विहारात बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. शिवाय देहूरोड ही छावणी असल्यामुळे राज्याच्या आमदाराचा अधिकार कोठे संपतो, हेही येथे नेमके दिसते.

२. दोन कामांची घडण

वकील आणि आमदार दोघांचेही साधन कायदा हेच असले, तरी त्यांच्या कामाच्या दिशा उलट असतात. वकिलापुढे घडून गेलेली घटना, एक अशील आणि अस्तित्वात असलेला कायदा असतो. पुरावा, कलम आणि पूर्वीचे निवाडे यांतून अशिलाच्या बाजूचा निष्कर्ष काढणे हे त्याचे काम. निकाल लागला की तो मुख्यतः त्या दाव्यातल्या पक्षकारांना बांधतो. आमदारापुढे अजून न घडलेल्या घटना असतात आणि ज्यांची नावे कोणालाच ठाऊक नाहीत अशी माणसे असतात. त्याला सर्वांना लागू पडेल असे वाक्य लिहायचे असते, आणि ते अमलात आणण्याचे काम तिसऱ्याच यंत्रणेकडे असते.

निष्ठेचे स्वरूपही वेगळे असते. वकिलाने अशिलाची बाजू एकनिष्ठपणे मांडावी, हा त्याचा धर्म आहे. प्रतिपक्षाचे हित पाहण्यासाठी प्रतिपक्षाचा वकील असतो. आमदाराला मात्र एकाच मतदारसंघातले कूळ आणि मालक, कामगार आणि कारखानदार या साऱ्यांचा विचार करावा लागतो.

या फरकांवरून देवाणघेवाणीच्या तीन वाटा संभवतात. पहिलीत, सभागृहाने दिलेला पण कागदावरच राहिलेला हक्क न्यायालयात नेऊन पक्का करून घेतला जातो. दुसरीत, न्यायालयात हरलेला प्रश्न सभागृहात नेऊन कायदाच बदलण्याचा प्रयत्न होतो. तिसरीत, न्यायालयात कमावलेली नेमकी भाषा विधेयकाच्या मसुद्यात उतरते. धोकाही एक संभवतो : अशिलाचे खासगी हित सार्वजनिक हिताचा वेष घेऊन सभागृहात शिरते.

३. कारकिर्दीचे तीन नमुने

मराठी मुलखातील वकील-सदस्यांच्या कारकिर्दी पाहता ढोबळमानाने तीन नमुने आढळतात. पहिल्या नमुन्यात कायद्याचे ज्ञान हेच सदस्यत्वाचे कारण असते. तेलंग १८८४ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळावर नेमले गेले आणि १८८९ मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. त्या काळी मंडळाचे अधिकारच तुटपुंजे होते, त्यामुळे तज्ज्ञ म्हणून सल्ला देणे एवढीच सदस्याची भूमिका उरे. ती किती अपुरी आहे हे १९०१ मध्ये दिसून आले. जमीन महसूल संहितेतील दुरुस्तीच्या विधेयकावर युक्तिवाद व्यर्थ जातो आहे असे पाहून बॅरिस्टर फिरोजशहा मेहता सभागृहातून उठून गेले. गोपाळ कृष्ण गोखलेही त्यांच्यासोबत बाहेर पडले. न्यायाधीशाने निकाल विरुद्ध दिला तरी वकिलाला सभात्याग करता येत नाही. सदस्याला तो करता येतो, आणि त्याचा काही अर्थही असतो.

दुसऱ्या नमुन्यात वकिली ही राजकारणाची पायरी असते. यशवंतराव चव्हाणांनी कऱ्हाडला वकिली सुरू केली. १९४६ मध्ये ते मुंबई विधानसभेवर निवडून आले आणि पुढे वकिली मागे पडली. वसंतराव नाईकांच्या बाबतीतही असेच घडले. तालुक्याच्या न्यायालयात जमिनीचे, वाटणीचे, सावकारीचे दावे चालवताना गावाची जी ओळख होते, ती अशा नेत्यांना आयुष्यभर पुरते. पण एकदा मंत्रिपद आले की दोन कामांतली देवाणघेवाण थांबते.

तिसऱ्या नमुन्यात दोन्ही कामे वर्षानुवर्षे समांतर चालतात आणि एकमेकांवर परिणाम करतात. आपल्या प्रश्नासाठी हाच नमुना कामाचा आहे, आणि आंबेडकरांची मुंबईतील कारकीर्द हे त्याचे सर्वांत भरीव उदाहरण आहे.

४. सनद ते सदस्यत्व

आंबेडकर १९२२ मध्ये लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले आणि १९२३ मध्ये त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली. सनदेच्या खर्चासाठी त्यांना मित्र नवल भथेना यांची मदत घ्यावी लागली. बडे सॉलिसिटर ज्यांच्याकडे कामे पाठवीत त्या वर्तुळात त्यांना जागा नव्हती. म्हणून जोडीला अध्यापन आले. जून १९२५ पासून बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत ते व्यापारी कायदा शिकवीत. १९२८ मध्ये ते सरकारी विधी महाविद्यालयात प्राध्यापक झाले आणि १९३५ मध्ये तेथेच प्राचार्य.

त्यांच्या वकिलीला नाव मिळवून देणारा एक खटला पुण्यातला होता. 'देशाचे दुश्मन' या पुस्तकावरून दिनकरराव जवळकर, केशवराव जेधे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना शिक्षा झाली होती. १९२६ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयातील अपिलात आंबेडकरांनी बाजू मांडली आणि आरोपी सुटले. त्याच वर्षअखेरीस गव्हर्नरांनी त्यांची मुंबई विधिमंडळावर नेमणूक केली. फेब्रुवारी १९२७ मध्ये त्यांनी शपथ घेतली आणि २४ फेब्रुवारीला अर्थसंकल्पावर पहिले भाषण केले. १९३७ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षातर्फे ते नव्या विधानसभेवर निवडून गेले. पहिली दहा वर्षे नियुक्त आणि पुढे निर्वाचित, अशा या सदस्यत्वात वकिली कधीच पूर्ण थांबली नाही.

५. पहिली वाट : ठराव ते निवाडा

४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने संमत केला. सार्वजनिक पैशातून बांधलेले वा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा त्याचा आशय. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये त्यानुसार चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. प्रत्यक्षात तळ्यावर काहीच बदलले नाही. नगरपालिकांनी दाद दिली नाही म्हणून ५ ऑगस्ट १९२६ रोजी बोले यांना दुसरा ठराव आणावा लागला : जे मानणार नाहीत त्यांचे सरकारी अनुदान रोखावे.

येथे कायदेशास्त्राचा एक मूलभूत भेद समोर येतो. विधिमंडळाचा ठराव म्हणजे अधिनियम नव्हे. ठरावातून सरकारला शिफारस जाते, सरकारकडून खात्यांना सूचना जाते आणि खाते ती नगरपालिकेला कळवते. या साखळीत शिक्षा कोठेच नाही. ठरावाने हक्क उच्चारला, पण तो मोडणाऱ्याचे काय, हे सांगितले नाही.

२० मार्च १९२७ रोजी आंबेडकर आणि त्यांचे अनुयायी तळ्यावर जाऊन पाणी प्याले. ऑगस्टमध्ये महाड नगरपालिकेने आपला जुना ठराव रद्द केला. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, तेव्हा विरोधकांनी न्यायालयाचा रस्ता धरला. १२ डिसेंबर १९२७ रोजी दावा दाखल झाला आणि १४ डिसेंबरला तात्पुरता मनाईहुकूम निघाला. तळे खासगी असून अस्पृश्यांना मज्जाव ही अनादी रूढी आहे, असे वादींचे म्हणणे होते.

वकील-सदस्याच्या कारकिर्दीतला हा कसोटीचा प्रसंग. २५ डिसेंबर १९२७ रोजी हजारो माणसे महाडला जमली होती. पाणी घ्यायचेच, असा त्यांचा निर्धार होता. आंबेडकर आता दाव्यातले प्रतिवादी होते, आणि विधिमंडळाचे सदस्यही. परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले, मात्र मनाईहुकूम असेतो तळ्याचा सत्याग्रह तहकूब ठेवण्यात आला. ज्या धर्मग्रंथाचा अधिकार नाकारायचा तो जाहीरपणे जाळला गेला, आणि ज्या न्यायालयाकडून हक्क मिळवायचा त्याचा अन्यायकारक वाटणारा हुकूमही पाळला गेला. सभागृहाच्या ठरावाला न्यायालयीन मान्यता मिळवायची, तर न्यायालयाचा अधिकार आधी स्वतः मानावा लागतो, हा हिशेब त्यामागे होता.

मनाईहुकूम २३ फेब्रुवारी १९२८ रोजी उठला. महाडच्या न्यायालयाने ८ जून १९३१ रोजी वादींच्या विरुद्ध निकाल दिला, ठाण्यातले अपील ३० जानेवारी १९३३ रोजी फेटाळले गेले आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्या. ब्रूमफील्ड व न्या. वाडिया यांनी अखेरचा निवाडा दिला. तळे नगरपालिकेच्या ताब्यातले ठरले आणि वादींना अनादी रूढी सिद्ध करता आली नाही. पण हा निवाडा जितका महत्त्वाचा, तितकाच मर्यादित होता. रूढी सिद्धच झाली नसल्याने ती अन्याय्य किंवा सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे का, या प्रश्नात शिरण्याची न्यायालयाला गरज पडली नाही. म्हणजे दुसऱ्या एखाद्या गावी कोणी जुनाट रूढी पुराव्याने शाबीत केली असती, तर प्रश्न पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला असता.

यातून पहिल्या वाटेचे बळ आणि उणीव दोन्ही स्पष्ट होतात. न्यायालय ठरावाला दात देते, पण एका तळ्यापुरते आणि दहा वर्षांनी. प्रत्येक गावच्या पाणवठ्यासाठी दहा वर्षांचा दावा कोण लढवणार? त्यासाठी सर्वसाधारण नियमच हवा. संविधानाच्या १५व्या अनुच्छेदात राज्याच्या निधीतून चालवलेल्या किंवा सर्वसाधारण जनतेच्या उपयोगासाठी समर्पित विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि १७व्या अनुच्छेदाने अस्पृश्यताच नष्ट केली. आता वादीने रूढी सिद्ध केली तरी तिचा उपयोग नाही. १९३७ च्या निवाड्यात उघडी राहिलेली जागा या शब्दांनी बंद झाली.

६. दुसरी वाट : हरलेला खटला सभागृहात

१९३४ मध्ये र. धों. कर्वे यांच्यावर 'समाजस्वास्थ्य' मासिकातील मजकुराबद्दल अश्लीलतेचा खटला झाला. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना कर्व्यांनी दिलेली उत्तरे आक्षेपार्ह ठरवली गेली होती. आंबेडकरांनी कर्व्यांचे वकीलपत्र घेतले. न्यायालयाने कर्व्यांना दोषी ठरवून २०० रुपये दंड केला.

वकिलाच्या दृष्टीने प्रकरण येथे संपले असते. चार वर्षांनी, १० नोव्हेंबर १९३८ रोजी, संततिनियमनाच्या प्रचारासाठी सरकारने उपाय योजावेत असा अशासकीय ठराव मुंबई विधानसभेत आला. स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने तो पी. जे. रोहम यांनी मांडला. त्यातील युक्तिवाद आंबेडकरांनी तयार केलेला होता. ठराव फेटाळला गेला.

या दोन पराभवांमधला फरक पाहण्यासारखा आहे. न्यायालयापुढचा प्रश्न अरुंद होता : अमुक मजकूर दंडविधानाच्या अर्थाने अश्लील आहे की नाही? वाचकाला त्या माहितीची गरज आहे का, सततच्या बाळंतपणांचा स्त्रीच्या प्रकृतीवर काय परिणाम होतो, गरीब कुटुंबाचे काय होते, हे मुद्दे त्या चौकटीत फारसे बसत नव्हते. सभागृहात नेमके तेच मुद्दे मुख्य ठरले. आंबेडकरांनी २८ जुलै १९२८ रोजी गिरणीतील स्त्रियांच्या प्रसूतिलाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला होता, हेही येथे लक्षात घ्यावे. कर्व्यांच्या खटल्यामुळे त्यांना हा विषय सुचला असे म्हणता येत नाही. प्रश्नाच्या विचारविनिमयाला न्यायालयात जागा नव्हती ती सभागृहात होती, एवढे मात्र निश्चित म्हणता येते. ठराव हरूनही भाषण विधानसभेच्या कामकाजात छापले जाते आणि पुढच्या पिढीच्या हाती लागते. कनिष्ठ न्यायालयात हरलेल्या युक्तिवादाच्या वाट्याला हे सहसा येत नाही.

७. तिसरी वाट : मसुद्याची भाषा

आमदाराने तक्रार मांडणे आणि विधेयक मांडणे यांत मोठे अंतर आहे. तक्रारीला दुःख पुरते. विधेयकाला व्याख्या लागतात, अपवाद लागतात, कार्यपद्धती लागते. १९ मार्च १९२८ रोजी आंबेडकरांनी १८७४ च्या वंशपरंपरागत वतनांच्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक आणले. महार वतनदाराला दिवसरात्र सरकारी कामाला बांधून ठेवले जाई. तो हजर नसेल तर घरातल्या दुसऱ्याला जावे लागे. मोबदला मात्र थोडी जमीन, थोडके बलुते आणि नाममात्र रोकड. विधेयकात वतनाच्या जमिनी पूर्ण आकारणीवर रयतवारीत नेण्याची मुभा, बलुत्याऐवजी रोख मोबदला आणि कामांची निश्चिती अशा तरतुदी होत्या. ते चिकित्सा समितीकडे गेले, पण मूळ हेतूच हरवू लागल्याने जुलै १९२९ मध्ये त्यांनी ते मागे घेतले.

१७ सप्टेंबर १९३७ चे खोती नष्ट करण्याचे विधेयक याच जातीचे. कोकणातील खोताला वाजवी भरपाई देऊन कुळाला थेट सरकारशी जोडावे, ही त्याची रचना. १० जानेवारी १९३८ रोजी शेतकऱ्यांचा मोठा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर गेला. तेही विधेयक संमत झाले नाही. परंतु १९४९ मध्ये खोती नष्ट करणारा कायदा झाला आणि १९५८ मध्ये कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा. संमत न झालेला मसुदाही असा निरुपयोगी नसतो. बदल शक्य आहे, त्याची किंमत किती आणि ती कोणी द्यायची, हे त्यात कलमवार लिहिलेले असते. पुढे राजकीय परिस्थिती पालटली की केवळ निश्चय करायचा उरतो.

वकिली शिस्तीचा आणखी एक पुरावा सामाजिक बहिष्काराच्या बाबतीत सापडतो. गावाने वाळीत टाकले की किराणा बंद, मजुरी बंद, दळण बंद. यात दंडविधानाच्या व्याख्येत बसेल असा गुन्हा सहसा नसे. १९३० मध्ये पहिल्या गोलमेज परिषदेत आंबेडकर आणि आर. श्रीनिवासन यांनी बहिष्कार हा गुन्हा ठरवणारी कलमे सुचवली. नमुना ब्रह्मदेशातील १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्याचा होता. दुसऱ्या प्रांतात आधीच अमलात असलेली भाषा उचलून आणली की 'असा कायदा करताच येत नाही' ही हरकत आपोआप गळून पडते. महाराष्ट्र विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्धचा स्वतंत्र कायदा संमत केला तो २०१६ मध्ये.

१५ सप्टेंबर १९३८ रोजी औद्योगिक विवाद विधेयकावरील त्यांचे भाषण हे तर न्यायालयीन युक्तिवादाचेच सभागृहातील रूप होते. संप हा नोकरीच्या कराराचा भंग आहे. करारभंगाची दाद दिवाणी असते. त्याला फौजदारी शिक्षा लावणे म्हणजे माणसाला इच्छेविरुद्ध राबवणे, असा तर्क त्यांनी बांधला. विधेयक संमत झाले. ७ नोव्हेंबरला त्याविरुद्ध मुंबईत मोठा संप झाला. येथे वकिलाचा तर्क, सदस्याचे मत आणि पुढाऱ्याचे आंदोलन अवघ्या दोन महिन्यांत एकामागून एक वापरले गेले.

८. हितसंबंधांचा प्रश्न आणि आजची चौकट

आता धोक्याकडे वळू. आज वकिली १९६१ च्या ॲडव्होकेट्स कायद्याखाली आणि बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांखाली चालते. पूर्णवेळ पगारी नोकराला वकिली करता येत नाही. मुंबईतील एका शल्यचिकित्सकाने वैद्यकीय व्यवसाय चालू ठेवून सनद मागितली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ती नाकारली. वकिली पूर्ण लक्ष मागते, हे त्यामागचे तत्त्व. मग आमदाराला ती कशी चालते? २५ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अश्विनीकुमार उपाध्याय यांच्या याचिकेत याचे उत्तर दिले. आमदार-खासदारांना वेतन मिळत असले तरी ते कोणाचे नोकर नाहीत, मालक-नोकर हे नातेच तेथे नाही, आणि बार कौन्सिलने त्यांना बंदी घातलेली नाही. म्हणून वकिली चालू ठेवता येते.

हा निर्णय परवानगीचा आहे, औचित्याचा नाही. औचित्याचे तीन प्रश्न शिल्लक राहतात. पहिला वेळेचा. देहूरोड ज्या मावळ मतदारसंघात येते, तेथील वकील-आमदाराची न्यायालये वडगाव मावळ, पुण्यातील शिवाजीनगर आणि मुंबईत. अधिवेशने मुंबईत, हिवाळ्यात नागपुरात. वकील दुसऱ्या न्यायालयात गुंतला आहे हे तहकुबीचे कारण होऊ शकत नाही, असे दिवाणी प्रक्रिया संहिता सांगते. सभागृहात गुंतलेल्या वकिलाच्या अशिलाने तरी तारखा का सोसाव्यात?

दुसरा प्रश्न पैशाचा. ज्या कारखान्याचे वकीलपत्र घेतले त्याच्याशी संबंधित विधेयकावर मत देणारा सदस्य कायदा मोडत नसेलही, पण आपले मत कोणाचे, हे त्याने उघड सांगितले पाहिजे. आंबेडकरांच्या उदाहरणात हा ताण कमी दिसतो. त्यांची सभागृहातील प्रमुख विधेयके ज्यांच्यासाठी होती ते महार वतनदार, कोकणातील कुळे आणि गिरणी कामगार मोठी फी देणारे अशील नव्हते. मात्र सर्वांकडून अशा निवडीची अपेक्षा धरून नियम करता येत नाहीत. वकीलपत्रांमुळे निर्माण होणारे हितसंबंध सभागृहाला कळवण्याचे बंधन हवे.

तिसरा प्रश्न क्रमाचा आहे, आणि त्याची चर्चा सहसा होत नाही. न्यायप्रविष्ट बाबीवर सभागृहात चर्चा करू नये, असा विधिमंडळाचा नियम आहे. वकील-आमदाराने एखाद्या प्रश्नावर घाईने दावा दाखल केला, तर लक्षवेधी सूचना मांडण्याचा स्वतःचाच मार्ग तो अडवून बसतो. म्हणून आधी सभागृह की आधी न्यायालय, हा निर्णय त्याच्या कारकिर्दीतला सर्वांत कौशल्याचा भाग ठरतो.

९. देहूरोड : अधिकाराची हद्द

देहूरोड मावळ विधानसभा मतदारसंघात येते. येथील मतदार आमदार निवडतात, पण गावाचा कारभार कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे आहे. छावणीतील स्थानिक स्वराज्य आणि घरांच्या जागांचे नियमन, भाडेनियंत्रणासकट, हा विषय संविधानाच्या संघसूचीत तिसऱ्या नोंदीत आहे. बोर्ड २००६ च्या केंद्रीय कायद्याखाली चालते. त्याचा अध्यक्ष लष्करी अधिकारी असतो. आमदार आणि खासदार बैठकीला विशेष निमंत्रित असतात. त्यांना मताचा अधिकार नसतो.

याचा व्यवहारातला अर्थ एका उदाहरणाने सांगता येईल. देहूरोड बाजारातील एखाद्या भाडेकरूला घरमालकाने जागा खाली करण्याची नोटीस दिली आणि तो वकील-आमदाराकडे गेला, असे समजा. राज्याचा भाडेनियंत्रण कायदा आमदाराच्याच सभागृहाने केलेला. तरी तो छावणीत स्वतःच्या बळावर लागू होत नाही. १९६९ मध्ये बराकपूर छावणीच्या इंदूभूषण बोस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की छावणीतील घरभाड्याचे नियमन करण्याचा अधिकार राज्य विधिमंडळाला नाही. राज्याचा भाडेकायदा तेथे आणायचा, तर १९५७ च्या केंद्रीय कायद्याखाली केंद्राची अधिसूचना लागते. म्हणजे आमदार म्हणून त्याने सभागृहात कितीही जोर लावला तरी हा कायदा बदलणार नाही. वकील म्हणून मात्र तो ती अधिसूचना शोधून न्यायाधीशापुढे ठेवू शकतो. दोन भूमिकांतली कोणती कोठे चालते याचे भान असलेला माणूस भाडेकरूला वाचवू शकतो. ते भान नसलेला सभेत आश्वासन देऊन येतो.

ही हद्द अधिकारक्षेत्राची झाली. देहूरोडने दुसरीही एक हद्द पाहिली आहे. १९५४ साली आंबेडकर मुंबई राज्यातून, म्हणजे आमदारांच्या मतांनी निवडून गेलेले, राज्यसभेचे सदस्य होते. त्या सप्टेंबरात त्यांनी राज्यसभेत अस्पृश्यता (गुन्हे) विधेयकावर भाषण केले. हा विषय किरकोळ गुन्ह्यांचा नसून नागरी हक्कांचा आहे आणि कायद्याच्या नावातही तेच यावे, असा त्यांचा आग्रह होता. कायदा १९५५ मध्ये झाला, आणि १९७६ मध्ये त्याचे नाव नागरी हक्क संरक्षण अधिनियम असे बदलण्यात आले.

त्या भाषणानंतर तीनच महिन्यांनी ते देहूरोडला आले आणि रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची त्यांनी विहारात स्थापना केली. पंढरपूरचा विठ्ठल मुळात बुद्ध होता, हे मतही त्यांनी येथे मांडले आणि त्यावर प्रबंध लिहिण्याचा मानस सांगितला. धर्माच्या व्यासपीठावरही त्यांचा रोख पुराव्यानिशी सिद्ध करण्याकडेच होता. पण कामाचे स्वरूप बदलले होते. चवदार तळ्याच्या निवाड्याने पाणी मिळवून दिले आणि संविधानाने समान नागरिकत्व. शेजाऱ्याने मनातून बरोबरीचे मानावे, अशी डिक्री मात्र कोणतेही न्यायालय देत नाही आणि कोणतेही सभागृह तसे कलम लिहू शकत नाही. त्यासाठी समाजाच्या नीतीचीच नवी उभारणी लागते. देहूरोडनंतर दोन वर्षांच्या आत नागपूरची धम्मदीक्षा झाली. मात्र कायद्याचे काम त्यांनी या काळातही सोडले नाही. राज्यसभेचे सदस्यत्व अखेरपर्यंत टिकले.

१०. निष्कर्ष

विवेचनातून चार गोष्टी हाती लागतात. एक : वकील-आमदाराचे मोल त्याच्या दोन पदव्यांच्या बेरजेत नाही, तर दोन्ही ठिकाणांमध्ये प्रश्न नेण्या-आणण्याच्या कौशल्यात आहे. ज्याची वकिली आणि आमदारकी एकमेकींना काहीच देत नाहीत, त्याच्या बाबतीत कायद्याची पदवी हा फक्त पाटीवरचा मजकूर ठरतो. दोन : ठरावाला न्यायालयाची जोड लागते आणि निवाड्याला अधिनियमाची. महाडला दहा वर्षे लागली, कारण पहिल्या टप्प्यावर शिक्षेचे कलम नव्हते आणि शेवटच्या टप्प्यावर निवाडा एका तळ्यापुरता होता. तीन : हरलेले विधेयक आणि हरलेला खटला यांचा हिशेब वेगवेगळा करावा लागतो. वतन आणि खोतीची विधेयके त्यांच्या काळात पडली, तरी त्यांतली उद्दिष्टे पुढच्या तीस वर्षांत कायद्यात आली. म्हणून आमदाराची कारकीर्द संमत विधेयकांच्या संख्येने मोजणे चूक आहे.

चौथी गोष्ट मर्यादेची. न्यायालयाची मर्यादा पक्षकारांपुरती, सभागृहाची मर्यादा विषयसूचीपुरती, आणि दोघांचीही मर्यादा माणसाच्या आचरणापुरती. मतदाराने वकील-उमेदवाराला पारखताना त्याने किती खटले जिंकले हे विचारण्याऐवजी तीन प्रश्न विचारावेत. न्यायालयात दिसलेली कायद्याची कोणती त्रुटी त्याने सभागृहात नेली? सभागृहाने दिलेला कोणता हक्क त्याने एखाद्या गरिबासाठी न्यायालयात बजावून घेतला? आणि त्याच्या वकीलपत्रांची यादी तो मतदारांपुढे ठेवायला तयार आहे का? देहूरोडच्या मतदाराने चौथाही विचारावा : आमच्या गावातले कोणते प्रश्न तुमच्या सभागृहाच्या कक्षेतच येत नाहीत, हे तुम्हाला ठाऊक आहे का? या प्रश्नाला जो प्रामाणिकपणे आणि कलमासह उत्तर देईल, त्याच्या सनदेचा सभागृहाला उपयोग होण्याची शक्यता अधिक.